ग्वाल्हेरचा उन्हाळा आणि ओव्हरक्लॉक केलेला डेस्कटॉप : माझा अनुभव

ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. लष्कर भागातील आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर, पश्चिमेकडे खिडकी असलेल्या ज्या खोलीत मी काम करतो, तिथे दुपारी चारच्या सुमारास ४० अंश तापमान असणे ही नेहमीची गोष्ट आहे. घरांच्या अंतर्गत सजावटीची त्रिमितीय चित्रे ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये तयार करणे हा माझा व्यवसाय असून, ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत न मावणारी मोठी दृश्ये मला प्रोसेसरवरच रेंडर करावी लागतात, म्हणजे त्यांचे अंतिम चित्र प्रोसेसरकडूनच तयार करून घ्यावे लागते. माझा प्रोसेसर इंटेलचा कोअर आय७-८७००के आहे. सहा कोअरचा हा प्रोसेसर २०१७ साली बाजारात आला. सर्व कोअर कामाला लागल्यावर तो मुळात ४.३ गिगाहर्ट्झवर चालतो. मी तो ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवून, १.३५ व्होल्टवर ५ गिगाहर्ट्झपर्यंत नेला होता आणि हिवाळाभर त्याने उत्तम काम केले. मे महिन्यात मात्र रेंडर सुरू होऊन काही मिनिटे झाली की तापमान १०० अंशांना टेकू लागले. ही या प्रोसेसरची कमाल मर्यादा असल्याने, तिथे पोहोचताच तो स्वतःच आपला वेग कमी करतो.

सर्वप्रथम मी एक साधा थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला ठेवला आणि एचडब्ल्यूइन्फो या संगणकाचे तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये दिसणाऱ्या प्रोसेसरच्या तापमानाबरोबर खोलीचे तापमानही लिहून ठेवू लागलो. जानेवारीत खोली १५ अंशांवर असताना प्रोसेसर ७२ अंशांवर थांबत असे, ही नोंद माझ्याकडे होती. आता खोली ४० अंशांवर असताना तो ९८ ते १०० अंशांवर जात होता. म्हणजे खोलीची हवा आणि प्रोसेसर यांतील फरक जवळजवळ तेवढाच, ५७ ते ६० अंशांचा होता. उन्हाळ्याने माझ्या संगणकात काही बिघडवले नव्हते, फक्त ज्या पायरीवरून मोजणी सुरू होते ती पायरी २५ अंशांनी वर चढवली होती. इंटरनेटवर दिसणारे बहुतेक आकडे वातानुकूलित खोलीतले असतात, त्यामुळे खोलीचे तापमान न सांगता दिलेला कोणताही आकडा आपल्याकडे निरुपयोगी ठरतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

पुण्याच्या माझ्या धाकट्या चुलतभावाने फोनवर लगेच सुचवले, "दादा, वॉटर कूलर बसवून टाक, प्रश्न मिटेल." त्याचा सल्ला मी गांभीर्याने विचारात घेतला. पण पाणी फिरवून प्रोसेसर थंड करणारा हा कूलरदेखील उष्णता शेवटी खोलीच्याच हवेत सोडतो आणि त्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. शिवाय या पिढीच्या प्रोसेसरमध्ये सिलिकॉनची चिप आणि तिच्यावरचे धातूचे झाकण यांच्यामध्ये सोल्डर (वितळवून जोडलेला धातू) नसून उष्णता वाहून नेणारी पेस्ट आहे, जी सोल्डरइतकी उष्णता नेत नाही, त्यामुळे बाहेर कितीही मोठा कूलर लावला तरी आतला हा अडथळा तसाच राहतो. झाकण उघडून आतली पेस्ट बदलणारे लोक आहेत. ज्या यंत्रावर पोट अवलंबून आहे त्याच्यावर तो प्रयोग करणे मला योग्य वाटले नाही.

हवा नेमकी कुठे अडते हे पाहण्यासाठी मी कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढून तेच दृश्य पुन्हा रेंडर केले. तापमान सहा अंशांनी उतरले. पत्रा काढल्याने फारसा फरक पडला नसता, तर दोष प्रोसेसरवरचा कूलर, त्याची पेस्ट किंवा व्होल्टेज यांत शोधावा लागला असता; इथे हवेचा मार्गही अपुरा होता. पुढचा बंद दर्शनी भाग काढून मी तिथे जाळी बसवली. हवा आत घेणारे दोन पंखे पुढे आणि बाहेर टाकणारा एक मागे ठेवला, म्हणजे आतला दाब किंचित जास्त राहतो आणि हवा फटींतून न शिरता जाळीतूनच येते. आपल्याकडे आंधी आली की तासाभरात टेबलावर बोटाने रेघ ओढता येते, त्यामुळे ती जाळी उन्हाळ्यात दर आठवड्याला धुवावीच लागते. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली जुनी थर्मल पेस्टही बदलली. या सगळ्यातून खोली आणि प्रोसेसर यांतील फरक ५७ वरून ४९ अंशांवर आला.

यापुढचा खरा फायदा व्होल्टेजमधून मिळाला. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; त्यातच चिप जितकी तापेल तितका तिच्यातून झिरपणारा विद्युतप्रवाहही वाढतो. वेग ४.८ गिगाहर्ट्झवर आणून मी बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) व्होल्टेज ०.०१ च्या पायऱ्यांनी उतरवत गेलो. प्रत्येक पायरीवर एक जड दृश्य रेंडर करायचे, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये हार्डवेअरच्या त्रुटीची नोंद झाली आहे का ते पाहायचे, आणि नोंद दिसली की दोन पायऱ्या वर यायचे, असा क्रम ठेवला. ही तपासणी मी मुद्दाम भर दुपारी केली, कारण तापलेल्या चिपला स्थिर राहण्यासाठी व्होल्टेज थोडे जास्त लागते, आणि मे महिन्याच्या दुपारी टिकलेली मांडणी पुढे वर्षभर टिकते. शेवटी १.२४ व्होल्टवर थांबलो. हिशेब मांडला तर वेग केवळ ४ टक्क्यांनी घटला आणि उष्णता सुमारे १९ टक्क्यांनी. खोली ४० अंशांवर असतानाही प्रोसेसर आता ८० अंशांच्या आसपास राहतो. आधी तो तापून वारंवार वेग कमी करत असे, त्यामुळे ५ गिगाहर्ट्झच्या मांडणीपेक्षा आता मोठी दृश्ये प्रत्यक्षात लवकर पूर्ण होतात.

खोलीतला खसाचा कूलर (ओल्या वाळ्यातून हवा फेकणारा) सुरू केला की मे महिन्याच्या कोरड्या हवेत खोली ३१ अंशांपर्यंत उतरते आणि प्रोसेसरही तितकाच खाली येतो. मात्र त्याचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नये. संगणक खोलीच्या हवेपेक्षा गरम असल्याने आत दव साचण्याचे भय नसते, पण झोताबरोबर उडणाऱ्या तुषारांतील क्षार पंख्यांवर आणि मदरबोर्डवर बसतात. आमचा कूलर खिडकीत आहे आणि संगणक समोरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, झोताच्या बाजूला. जुलैत हवा दमट झाली की खसाच्या कूलरचा उपयोग जवळजवळ संपतो. तेव्हा खोली ३४-३५ अंशांवर असते, आणि ४.८ गिगाहर्ट्झची हीच मांडणी प्रोसेसरला ७५ अंशांच्या आसपास ठेवते.