तुम्ही विचारलंत म्हणून: सवलती असूनही जागा का सुटते?

"आरक्षण आहे, फी माफ आहे, वसतिगृहं आहेत. तरी तुमच्या मुलांच्या जागा का सुटतात?" दर जून-जुलैत हा प्रश्न येतो. विचारणाऱ्याने उत्तर मनात ठरवलेलंच असतं: पोरांना अभ्यास नको. म्हणून एकदा सविस्तर सांगते.

सीईटीत चांगले गुण मिळवूनही जागा जाते, ती जात वैधता प्रमाणपत्रापायी. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी नुसता जातीचा दाखला पुरत नाही, पडताळणी समितीकडून वैधता लागते. आणि समिती पुरावा मागते तो वाडवडिलांचा. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७: या तारखेआधीची जातीची नोंद सगळ्यांत वजनदार. ती सहसा कुठे सापडते? आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात.

ज्या घरातलं पहिलंच पोर कॉलेजला निघालंय, त्या घरचा आजोबा शाळेत गेला असेल का?

मग शोध सुरू होतो. आजोबा नाही तर चुलत आजोबा, आत्या, कुणीही. पण नातं वडिलांकडचंच हवं. गावच्या शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा काढायचा. तिथे जातीच्या रकान्यात नुसतं 'हिंदू' लिहिलेलं निघतं. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूच्या नोंदी. जुनी पानं मोडीत असली तर लिप्यंतर करून घ्यायचं. उतारा मिळाला तरी त्यात 'गणू' आणि सातबाऱ्यावर 'गणपत'. दोघे एकच हे वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रावर सांगायचं. समितीला शंका आली की प्रकरण चौकशीसाठी तिच्या दक्षता पथकाकडे. पालावर राहिलेल्यांकडे तर शाळा नाही, सातबारा नाही, त्या तारखेला कुठे मुक्काम होता याचाही कागद नाही. नवऱ्याने टाकलेल्या बाईच्या लेकीला कागद आणायला त्याच घराचं दार वाजवावं लागतं, कारण आईकडचे कागद सहसा चालत नाहीत.

एवढ्यात प्रवेशफेऱ्या संपतात. अर्जाच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश मिळतो, पण मुदतीत वैधता आली नाही की तो रद्द होतो आणि पोर खुल्या गटात ढकललं जातं. तिथल्या कटऑफला ते बसत नाही.

"मग आधीच अर्ज का करत नाहीत?" बरोबर आहे, अकरावीतच करायला हवा. पण हे सांगणारं माणूस त्या घरात कुठून यायचं? आधी कुणी या वाटेने गेलेलं असतं तेव्हाच ते कळतं.

पडताळणीच बंद करा, असं संतापात मला कितीदा वाटतं. पण खोट्या दाखल्यांवर खऱ्यांच्या जागा लाटल्या गेल्यात, तेही खोटं नाही. आदिवासी संघटनाच कडक तपासणी मागतात आणि त्यांचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. मात्र रजिस्टरं सरकारी कपाटात असताना ती सतरा वर्षांच्या पोराने का धुंडाळायची, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

शिक्षणाचा फायदा पगारात मोजणाऱ्यांनी एवढं बघावं: घरात एकाला वैधता मिळाली की वडिलांकडच्या सख्ख्या-चुलत भावंडांना तो मोठा आधार होतो. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१० साली हे मानलंय. त्यामुळे पहिल्या पोराची जागा गेली तर भावकीतलं पुढचं पोर पुन्हा त्याच अभिलेख कक्षासमोर उभं राहतं.