गिटारचा उचललेला ब्रिज परत चिकटवताना

स्वस्त अकूस्टिक गिटारचा ब्रिज, म्हणजे तारा ज्यात अडकवतात ती लाकडी पट्टी, टॉपपासून (गिटारच्या वरच्या फळीपासून) उचलला की पहिला हात सुपरग्लूकडे जातो. तो फटीत सोडला की चार दिवस भागतं, मग फट परत उघडते आणि लाकडात मुरलेला सुपरग्लू खरवडायचं काम वाढतं ते वेगळंच. सर्वांत बारीक तार ०.०१२ इंचाची असलेल्या लाइट सेटमधल्या सहा स्टीलच्या तारा मिळून ७० किलोच्या आसपास ताण देतात. हा ताण ब्रिजला पुढे ओढतो, तशीच त्याची मागची कड वर उचलतो. म्हणून फट मागून सुरू होते. तिथे कागदाची पट्टी सरकवून बघा. मिलिमीटरभर जाऊन अडली तर काळजी नको. तारा अडकवणाऱ्या पिनांच्या भोकांपर्यंत गेली तर तारा लगेच उतरवा, ब्रिज पूर्ण काढावा लागणार.

आधी आरसा आणि टॉर्च आत घालून ब्रिजच्या खालची बाजू पाहा. स्वस्त गिटारांत बऱ्याचदा आतून नट-बोल्ट असतात आणि बोल्टची डोकी वर प्लास्टिकच्या पांढऱ्या ठिपक्यांखाली लपवलेली असतात. ते न काढता सुरी घातली तर टॉप फाटेल. आतली ब्रिज-प्लेट (ब्रिजखालची लाकडी पट्टी) चिरली आहे का, एखादा ब्रेस (टॉपला आतून आधार देणारी दांडी) सुटला आहे का, हेही आत्ताच बघा.

सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) आणि पिना काढा, नाहीतर वितळतील. पुठ्ठ्याला ब्रिजच्या आकाराची खिडकी पाडून त्यावर अॅल्युमिनियम फॉइल लावा आणि टॉप झाका. मध्यम गरम इस्त्री थेट ब्रिजवर ठेवा. वाफ नको, प्लायवूडचे थर सुटतात. नेहमीचा वुड ग्लू ६५-७० अंशांना मऊ पडू लागतो. मग पातळ, बोथट कडेची सुरी मागच्या कोपऱ्यातून हळूहळू आत सारा. लाकडाचे तंतू उचलले जाताना दिसले की थांबा आणि उलट्या बाजूने या. इथे घाई केली की वरचं पातळ व्हिनिअर ब्रिजबरोबर निघून येतं.

ब्रिज निघाला की खरा दोष दिसतो. टॉपवर ब्रिजच्या जागी चकाकतं पॉलिश तसंच असतं, मध्ये जेमतेम खरवडलेला एक पट्टा, आणि त्यावरून जुना ग्लू दुधावरच्या सायीसारखा सोलून येतो. म्हणजे कारखान्यात ब्रिज लाकडाला नाही, रंगाला चिकटवला होता. हे पॉलिश काढल्याशिवाय जगातला कुठलाही ग्लू टिकणार नाही. ब्रिज जागेवर ठेवा, दोन्ही टोकांच्या ई तारांच्या भोकांत पिना घाला आणि भोवती पेन्सिल फिरवा. या रेघेच्या १ मिमी आत ब्लेडने फक्त पॉलिश कापा. लाकडात घाव गेला तर टॉप नेमका तिथेच कमजोर होतो. मग धारदार पटाशी उभी धरून खरवडा. कोरडं लाकूड दिसलं की बस. पेंट रिमूव्हर वापरू नका, तो कडेखाली झिरपतो.

ब्रिजचा तळ सपाट करून चालत नाही, कारण टॉपला हलका फुगवटा असतो. १२० नंबरचा सँडपेपर टॉपवर ब्रिजच्या जागी उताणा चिकटवा, तळावर पेन्सिलच्या रेघा मारा आणि त्या सगळ्या पुसल्या जाईपर्यंत ब्रिज घासा. फट राहिली तर ती क्लॅम्पने दाबून मिटवू नका. तो ताण सांध्यातच राहतो.

ग्लू पिवळा, टाइटबाँड ओरिजिनलसारखा. पांढरा सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. एपॉक्सी फटी भरते खरी, पण पुढच्या दुरुस्तीला शिव्या खाते.

ग्लू लावण्याआधी क्लॅम्पची कोरडी तालीम करा. साउंडहोलमधून (टॉपवरच्या गोल भोकातून) पोचतील असे लांब घशाचे तीन सी-क्लॅम्प लागतात, एक मध्ये आणि दोन ब्रिजच्या पंखांवर, म्हणजे दोन्ही टोकांवर. आत ब्रिज-प्लेटखाली, ब्रेससाठी खाचा पाडलेला लाकडी ठोकळा हवा. माप आत्ताच घ्या. ६४८ मिमी स्केलला (तारेच्या वाजणाऱ्या लांबीला) नट, म्हणजे मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, ते बारावी फ्रेट (मानेवरची धातूची आडवी पट्टी) ३२४ मिमी भरतं. बाराव्या फ्रेटपासून सॅडलचा मध्य त्याहून २-३ मिमी लांब हवा.

दोन्ही बाजूंना पातळ थर द्या, ई च्या भोकांत मेण लावलेले स्क्रू घालून जागा पक्की करा आणि पाचेक मिनिटांत क्लॅम्प आवळा. चारही कडांनी मण्यांसारखे बारीक थेंब आले पाहिजेत. एखाद्या बाजूला आले नाहीत तर तिथे ग्लू कमी आहे. ब्रिज उचलून पुन्हा लावा. अति आवळलं तर सगळा ग्लू बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. ओल्या फडक्याने पुसा, दहा मिनिटांनी परत पुसा आणि स्क्रू काढून घ्या.

क्लॅम्प २४ तास ठेवा. तारा त्यानंतर आणखी एका दिवसाने चढवा, पहिला दिवस एक सूर खाली. मूळचे बोल्ट असतील तर नव्याने जेमतेम आवळून बसवा. आणि तारा ०.०११ च्या लावा. आठवड्याने मागच्या कडेला तीच कागदाची पट्टी पुन्हा घालून बघा.