तुम्ही विचारलंत म्हणून : मी कोणाच्या बाजूनं मोजतो

मी मातीतले वायू मोजतो हे कळलं की नाशिकमध्ये लोक एकच विचारतात : हवेत जाऊ नये म्हणून जमिनीत खोल पुरलेला कार्बन डायऑक्साइड उद्या वर आला, तर तुम्ही खरं सांगाल का? तुम्ही नेमके कोणाच्या बाजूचे? इतकी वर्षं मी 'आकड्यांच्या' असं म्हणून विषय बदलत आलो. आज नीट सांगतो.

निफाडकडच्या एका द्राक्षबागेत मी कॅनडातल्या वेबर्नची हकिगत सांगत होतो. तिथे २००० पासून तेलाच्या थरात, जवळपास दीड किलोमीटर खोल, हा वायू सोडतात. २०११ च्या जानेवारीत तिथल्या एका शेतकरी कुटुंबानं जाहीर केलं की तो आमच्या शेतात वर येतोय. त्यांच्या तज्ज्ञानं कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे कमी-जास्त वजनाच्या कार्बन अणूंच्या प्रमाणावरून, तसा निष्कर्ष काढला होता. पुढच्या तपासात दिसलं की मातीत आपोआप तयार होणारा कार्बन डायऑक्साइड आणि पुरलेला या कसोटीवर वेगळे ओळखूच येत नाहीत. मग ऑक्सिजन आणि नायट्रोजनशी प्रमाण ताडून पाहिलं, तेव्हा तो मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनाचा निघाला.

बागेच्या मालकीणबाई म्हणाल्या, "आमच्या रानात लावा की तुमची नळी." आदल्या दिवशी पाऊस झालेला, काळी माती गच्च. हवेत हा वायू साधारण ०.०४ टक्के असतो. नळीत चार टक्क्यांच्या आसपास निघाला. बाईंचा चेहरा उतरला. "आमच्याखाली बी काही पुरलंय का?"

मी समजावलं. ऑक्सिजन एकवीस टक्क्यांवरून सतराच्या आसपास आलाय, म्हणजे जेवढा तो घटला तेवढाच हा वाढला. हे श्वसनच. खालून वायू घुसला असता तर नायट्रोजनलाही त्यानं बाजूला सारलं असतं, तो तर जागेवर आहे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या कॅनडातल्या लोकांनाबी असंच समजावलं असंल. यंत्र तुमचं, आकडा तुमचा, अर्थबी तुम्हीच लावणार."

मला राग आला होता. अजूनही येतो. ऑक्सिजनचं प्रमाण कोणाच्या पगारावर बदलत नाही, आणि वेबर्नचा निष्कर्ष मला आजही बरोबर वाटतो. पण नळी कुठे रोवायची, हे कोण ठरवतं? एखाद्या जुन्या तेलविहिरीच्या कडेनं वायू अगदी अरुंद पट्ट्यात वर येऊ शकतो. तिथे नळीच नसेल तर 'गळती आढळली नाही' या वाक्याला किती किंमत द्यायची? मोजमाप चोख ठेवा, विश्वास आपोआप बसेल, असं सुरुवातीला मी छातीठोकपणे सांगायचो. तेव्हाचा मी आज समोर आला तर म्हणेल, मग काय, मोजायचंच नाही? त्याचंही मला खोडता येत नाही.

हा प्रश्न कॅनडातच राहणार नाही. आइसलँडच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडात, २०१२ साली पाण्यात विरघळवून सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून जास्त वायूचं दोन वर्षांच्या आत खनिज झालं. आपण उभे आहोत तोही बेसाल्टच, म्हणून अभ्यासकांचं लक्ष दख्खनच्या दगडाकडे आहे. इथे कधी काही पुरायचं ठरलंच, तर आधी सगळ्या ऋतूंतलं मोजमाप व्हावं, ते ग्रामपंचायतीत कोणालाही पाहता यावं आणि निम्म्या नळ्यांच्या जागा गावानं सांगाव्यात, असं मी म्हणतो. सहकारी म्हणतात, अशानं मोजमाप विस्कळीत होईल. होईलही. मी अजून त्यांच्याशी भांडतोय.