भट्टीची नोंद: बर्नर डोक्यावरून बाजूला आला, नळीतली पेट थांबली

रविवारी लोखंड तापवायची माझी गॅसची भट्टी तीन फेऱ्यांत मिळून एक तास दहा मिनिटं चालली. मध्ये दोनदा बंद केली, दोनदा परत पेटवली, आणि बर्नरच्या नळीत एकदाही पेट घेतला नाही. हे वाक्य लिहायला दीड महिना लागला.

भट्टीचं अंग तेच आहे. ट्रकची एअर टाकी, आत धग अडवणाऱ्या २५ मिलिमीटर सिरॅमिक ब्लँकेटचे दोन थर, त्यावर हाय अ‍ॅल्युमिनाचा लेप. पाऊण इंची व्हेंच्युरी बर्नर, म्हणजे गॅसच्या झोतानं हवा आपोआप ओढून घेणारा. जेटला, म्हणजे गॅस सुटतो त्या बारीक भोकाला, मिग वेल्डिंगची ०.८ मिलिमीटरची टिप. बर्नर वरून सरळ खाली बसवला होता. दुखणंही मागच्या नोंदीतलंच. पेटवली की निळी ज्योत, भरीव गर्जना, कमानपाट्याचा तुकडा दहा मिनिटांत नारिंगी. मग एकदम ‘फट्’. भट्टीतली ज्योत गायब आणि बर्नरच्या नळीत घरघर. आग जेटच्या तोंडाशी येऊन बसलेली. तेव्हा धावत जाऊन कॉक बंद करण्याशिवाय इलाज नाही, नाहीतर नळीच लाल होते.

आधी जेटवर संशय घेतला. तीनदा काढून मध्यात बसवला, फरक शून्य. मग वाऱ्यावर. साताऱ्यात यवतेश्वरच्या डोंगराच्या अंगानं संध्याकाळी वारा सुटला की आमच्या शेडमध्ये थेट शिरतो. ताडपत्री बांधली, तरी तेच. मग सिलिंडरवर. आपल्या एलपीजीत ब्यूटेनही बरंच असतं आणि ते शून्याच्या आसपासच उकळतं. जोरात गॅस ओढला की सिलिंडर गार पडतो, बाहेरून घाम येतो, प्रेशर उतरतं. प्रेशर उतरलं की गॅसचा वेग ज्योतीच्या वेगापेक्षा कमी होतो आणि आग मागे चालत येते. कारण इतकं पटणारं होतं की तिथंच अडकलो. शेवटी दुपारच्या उन्हात, भरलेल्या १९ किलोच्या सिलिंडरवर, काटा न हलता तेच झालं, तेव्हा तो संशयही सोडला.

उत्तर चहाच्या वेळी सापडलं. वहीतल्या वेळा बघत होतो. पहिली फेरी चाळीस मिनिटं बिनघोर. बंद करून चहा घेतला, परत पेटवली, चौथ्या मिनिटाला फट्. त्याआधीच्या तिन्ही रविवारी असंच. म्हणजे भट्टी चालू असताना काही होत नव्हतं, जे होत होतं ते बंद असताना! पुढच्या फेरीत भट्टी चालू ठेवून नळीच्या वरच्या टोकाला बोट लावलं. गार. साहजिक आहे, आतून सतत थंड हवा आणि गॅस वाहतोय. मग गॅस बंद केला, तीन मिनिटांनी पाण्याचा थेंब सोडला. चर्र करून उडाला.

गॅस थांबला की बर्नरची नळी म्हणजे भट्टीचं धुराडंच होतं. आतली सगळी धग तिच्यातून वर निघते. मग त्या तापलेल्या नळीत नवा गॅस-हवेचा मेळ सोडला की तो भट्टीपर्यंत पोचायच्या आतच पेटतो.

म्हणून वरचं भोक ब्लँकेट आणि लेपानं बुजवलं आणि टाकीच्या कुशीत नवं पाडलं. नळीचं बाहेरचं टोक मुद्दाम दोन बोटं खाली ठेवलंय. गरम हवा खाली उतरत नाही, एवढाच हिशेब. ज्योत आता छताकडे जाऊन गोल फिरते, लोखंडावर थेट आपटत नाही, आणि खपलीही कमी धरते. बंद करताना आधी सिलिंडर, मग होजमधला, म्हणजे सिलिंडरच्या रबरी नळीतला, उरलेला गॅस जळू द्यायचा, मग चोक, म्हणजे बर्नरच्या हवेच्या तोंडाची झडप, पूर्ण लावायचा. हे वरच्या बर्नरवालेही आजपासून करू शकतात.

नळी बदलताना एक सांगतो. दुकानदार जीआयच, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप, देतो आणि ‘काही होत नाही’ म्हणतो. ज्योतीच्या तोंडाशी जस्ताचा धूर छातीत जातो. पोवई नाक्यावर दोन दुकानं पालथी घातली तेव्हा काळा एमएस, म्हणजे बिनमुलाम्याचा साधा लोखंडी पाइप मिळाला.

जागा बदलली आणि दोन नव्या गोष्टी उभ्या राहिल्या. पहिली, भट्टीच्या तोंडातून निघणारी जळकी हवा वाऱ्यानं वळून बर्नरच्या तोंडात शिरायला लागली. ज्योत पिवळी, लुळी. असं जळणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, विषारी वायू, ज्याला रंग नाही, वास नाही. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याचा पत्रा मध्ये आडवा लावला आणि ज्योत लगेच निळी झाली. तीन बाजू उघडी शेड असली तरी मोनॉक्साइडचा अलार्म मी डोक्याच्या उंचीवर टांगलाय आणि तो काढणार नाही.

दुसरी जास्त गंभीर. बर्नर बाजूला आला म्हणून सिलिंडर पलीकडे, मोरीजवळ सरकवला. मी उभ्यानं सांडशी घासत होतो. आई मोरीपाशी बसून भांडी विसळत होती. ती म्हणाली, “अरे, इथं गॅसचा वास येतोय बघ.” मला काहीच येत नव्हता. तिच्याशेजारी उकिडवा बसलो तर भपकाच. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्यूटेन दुप्पट, दोन्ही जमिनीलगत सरपटत उताराकडे जातात. सिलिंडर बंद केला, कुठल्याही बटणाला हात लावू दिला नाही, अर्धा तास सगळे बाहेर. नंतर साबणाचं पाणी लावलं तर होजच्या टोकाला क्लिपखाली बारीक बुडबुड्यांची ओळ. स्क्रूची क्लिप हाय प्रेशरला चालतच नाही, हे माझं आता पक्कं मत आहे. कारखान्यात टोकं दाबून घट्ट बसवलेली, म्हणजे क्रिम्प केलेली होज घेतली. सिलिंडर मोकळ्या बाजूला तीन मीटर लांब नेला, जिथं ना मोरी ना खड्डा.

इथपर्यंत लिहून झालं आणि मध्येच अमेरिकेतल्या घर तापवायच्या गॅस फर्नेसचं एक मॅन्युअल वाचलं. ती एकच पेटी उभी, उलटी किंवा कुशीवर आडवी बसवता येते. हवा वर, खाली किंवा बाजूला. पण पाठीवर झोपवायला मनाई. खाली हवा सोडायची आणि जमीन लाकडी असेल तर खाली न जळणारी बैठक हवी. शिवाय ज्योत आपली जागा सोडून बाहेर आली की एक छोटा तापमानाचा स्विच गॅस तोडतो.

मला हवा होता तो हाच स्विच. पुढच्या टप्प्यात उभी भट्टी करायची ठरवली होती, ती आता मागे. आधी नळीवर ९० अंशांचा बायमेटल स्विच, म्हणजे तापला की सर्किट तोडणारा, आणि त्याच्या जोडीला गॅसचा नॉर्मली क्लोज्ड सोलेनॉइड, म्हणजे वीज असेपर्यंतच उघडी राहणारी झडप. वीज गेली तरी गॅस आपोआप बंद. सोलेनॉइड सिलिंडरच्या बाजूला लावावा की बर्नरजवळ, यावर तुमची मतं हवीत. मला सिलिंडरची बाजू बरी वाटते, कारण बंद झाल्यावर होजमध्ये गॅस दाबून राहत नाही.

तिसऱ्या फेरीत खुरप्याचं पातं ओढलं. चुंबक चिकटेनासं होईपर्यंत तापवलं, अजून थोडं चढू दिलं, तेलात बुडवलं. कानशी धारेवरून घसरली, एक ओरखडा नाही. कोरेगावहून आलेल्या लोहारकाकांनी ते उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, “मूठ बाभळीची बसवणार का सागाची?”

बाभळीची. लाकूड आणलंय, सुकतंय.