उघड्या मियाटात डग्गा ऐकू यावा म्हणून

माझ्या गाडीतल्या साउंड सिस्टमचं काम दारांचे स्पीकर, ॲम्प (ॲम्प्लिफायर), हेडरेस्टचे स्पीकर आणि डीएसपी (आवाज डिजिटली बदलणारा प्रोसेसर) इथवर आलंय. सबवूफरचा, म्हणजे खालच्या बेसच्या स्पीकरचा, निर्णय व्हायचाय. गाडी १९९२ ची माझदा एमएक्स-५ मियाटा, म्हणजे पहिली पिढी, एनए, १.६ लिटरचं इंजिन आणि कापडी छत. कॅलिफोर्नियाच्या बे एरियात वर्षातले बरेच महिने छत उतरवून फिरता येतं आणि मी तसाच फिरतो. म्हणून या कामाला पहिल्यापासून एकच कसोटी ठेवली: छत खाली, वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास, आणि तबल्यासोबत डग्गाही ऐकू आला पाहिजे. चाटेचे बोल कुठल्याही साध्या स्पीकरवर ऐकू येतात. हरवते ती डग्ग्यावरची मींड, पखवाजाची थाप, ढोलकीची धुम बाजू.

ती का हरवते हे समजून घेतल्याशिवाय सामान विकत घेण्यात अर्थ नाही. वाऱ्याचा आणि टायरचा आवाज बहुतांश खालच्या फ्रिक्वेन्सींत असतो आणि त्याच पट्ट्यातलं संगीत तो गिळून टाकतो. त्यात भर म्हणजे, बंद गाडीत छोट्या केबिनमुळे खालच्या बेसला फुकटची उचल मिळते. छत उघडलं की ती जवळजवळ संपते. वरून परतणारा आवाजही नाही, त्यामुळे पायाशी असलेल्या स्पीकरचा आवाज पायाशीच राहतो. बंद सेदानमध्ये दणदणीत वाजणारी सिस्टम जशीच्या तशी मियाटात बसवली तर ती पोकळ वाटते ती यामुळे.

मग व्हॉल्यूम वाढवायचा? माझं ठाम मत आहे की हा रस्ता चुकीचा आहे. छत उघडून हायवेला लागलं की नुसता वाराच कानाशी ८५ डेसिबलच्या आसपास पोचतो. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल दिवसाला ८ तास चालतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा. वाऱ्यावर मात करायला गाणं दहा-बारा डेसिबल वर चढवलं तर डोंगरावरच्या स्कायलाइन रस्त्यावरून समुद्रकाठच्या हाफ मून बेला उतरून परत येईपर्यंतच कानाचा दिवसभराचा कोटा संपतो. हेडफोनचा विचार कुणी करू नये. दोन्ही कान झाकून गाडी चालवायला कॅलिफोर्नियात बंदी आहे.

म्हणून सर्वात आधी वारा. सीटच्या मागे पॉलिकार्बोनेटचा विंड डिफ्लेक्टर (वारा अडवणारी पारदर्शक फळी) लावला आणि हायवेवर काचा वर ठेवायला लागलो. मागून मानेवर उलटा येणारा झोत थांबला. एवढ्याने जो फरक पडतो, तो कितीही महागड्या ॲम्पने पडत नाही. ज्यांना यंदा एकच गोष्ट करायची आहे, त्यांनी हीच करावी.

आता दारं. इथे वेळ जातो आणि इथेच खरी कमाई आहे.

एनएच्या दारात साडेसहा इंची स्पीकर बसतो, पण खोली बेताची आहे. काच खाली उतरली की स्पीकरच्या मॅग्नेटमागून जाते. कॅटलॉगमधल्या मिलिमीटरवर विसंबू नका. मॅग्नेटच्या पाठीला प्लॅस्टिसिनचा गोळा चिकटवायचा, स्पीकर हाताने जागेवर धरायचा, काच पूर्ण खाली न्यायची, परत वर घ्यायची, आणि गोळा किती चेपला ते पाहायचं. माझ्याकडे चेपून कागदाएवढा पातळ थर उरला, म्हणून एचडीपीई प्लॅस्टिकची रिंग कापून स्पीकर थोडा पुढे आणला. एमडीएफची (लाकडी भुशाच्या बोर्डाची) रिंग कापायला सोपी, पण दाराच्या आत पावसाचं पाणी येतंच आणि एमडीएफ फुगतो.

स्पीकर निवडताना वॅटपेक्षा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॅटला किती आवाज मिळतो, ते बघितलं. दुप्पट वॅटने मिळतात फक्त ३ डेसिबल. ९२ डेसिबलचा स्पीकर ५० वॅटवर जे देतो, ते द्यायला ८९ वाल्याला १०० वॅट लागतात. उघड्या गाडीत हा हिशोब फार महत्त्वाचा ठरतो. स्पीकरचा कोन (शंकूसारखा पडदा) पॉलिप्रोपिलिनचा घेतला. जुने कागदी कोन ओलीने मऊ पडले होते आणि कडेचा फोम बोट लावल्यावर भुगा होऊन गळत होता.

दाराच्या बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटिल रबरच्या चिकट शीट लावल्या. सगळा पत्रा मढवायची गरज नाही. पाव ते एक तृतीयांश भाग झाकला, मधल्या थरथरणाऱ्या जागेवर नीट रोलर फिरवला, की पत्र्याचा टणत्कार बसतो. खालच्या कडेची पाणी जायची भोकं मात्र मोकळी ठेवा. आतल्या पत्र्याला मोठमोठी उघडी तोंडं असतात. स्पीकरच्या पाठीमागचा आवाज त्यांतून पुढे येतो आणि पुढच्या आवाजाला मारतो. नेमका १०० ते २०० हर्ट्झचा जीव इथे जातो. त्या तोंडांवर पातळ ॲल्युमिनियमचे पत्रे लावले, तेही स्क्रूने, कारण एनएच्या विंडो रेग्युलेटरची केबल कधी ना कधी बदलावी लागते आणि तेव्हा आत हात जायला हवा. त्यावर प्लॅस्टिकचा पडदा होता तसा परत. तो टाकून देऊ नका, नाहीतर पाणी डोअर पॅनलच्या पुठ्ठ्यात मुरतं.

दोन्ही दारं बंद करून पहिल्यांदा गाणं लावलं, तेव्हा गाडी उभी होती आणि बाकी काही बदललेलं नव्हतं. त्याच जुन्या हेड युनिटवर (डॅशबोर्डवरच्या म्युझिक प्लेयरवर) डग्ग्याला पोट आलं होतं.

ॲम्पचं काम एनएमध्ये सोपं आहे, कारण बॅटरी डिकीत आहे. इंजिनाकडून फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीतून) जाड केबल ओढत आणायची कटकट नाही. क्लास-डीचा छोटा पाच चॅनलवाला ॲम्प, बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज, आणि केबल शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६० टक्के. घेणारच असाल तर एक माप जाड घ्या. हेड युनिटपासून मागे येते ती फक्त सिग्नलची केबल आणि रिमोटची वायर. जाड केबल तिच्या शेजारून धावतच नाही, त्यामुळे अल्टरनेटरची किणकिण अजिबात नाही.

एक धोक्याची सूचना. सीटमागच्या आडव्या पत्र्याच्या पलीकडे पेट्रोलची टाकी आहे. पार्सल शेल्फवर किंवा डिकीच्या पुढच्या भिंतीत ड्रिल चालवायचं नाही, लहान स्क्रूसुद्धा नाही. मी प्लायवूडचा बोर्ड कापून तो डिकीत आधीपासून असलेल्या बोल्टांवर धरला आणि ॲम्प त्या बोर्डवर बसवला. वायरी ओढताना छताचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्याही सांभाळा. त्या कचऱ्याने तुंबल्या की पाणी सीटमागे उतरतं, आणि तिथे कनेक्टर नसलेलेच बरे.

हेड युनिटबद्दल थोडक्यात: टचस्क्रीन टाळली. कॅलिफोर्नियाच्या दुपारच्या उन्हात ती दिसत नाही. चाचपून फिरवता येणारा व्हॉल्यूमचा नॉब आणि काढून खिशात टाकता येणारा पुढचा भाग, एवढ्या दोन गोष्टी कापडी छताच्या गाडीला हव्यात.

या गाडीची खरी देणगी म्हणजे हेडरेस्टमधले स्पीकर. १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा दाखवली, आणि त्या पिढीतच कानामागे स्पीकर देण्याची सोय केली होती. आताच्या चौथ्या पिढीतही, म्हणजे एनडीमध्ये, बोसच्या नऊ स्पीकरच्या सिस्टममध्ये हेडरेस्टचे स्पीकर आहेत. कारण साधं आहे: मोकळ्या हवेत अंतर निम्मं झालं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. दारातला स्पीकर कानापासून मीटरभर लांब, हेडरेस्टमधला वीतभर. दोन वेळा निम्मं केलं की मीटरभराचं जवळजवळ वीतभर होतं, म्हणजे तितक्याच वॅटमध्ये साधारण १२ ते १३ डेसिबलचा फायदा. शिवाय शेजारच्या गाडीला त्याचा त्रास नाही.

पण नुसते जोडले तर गायक मागच्या डिकीत बसून गातोय असं वाटतं. इथे डीएसपी लागतो. आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो. ड्रायव्हरच्या दाराचा स्पीकर मला साधारण ८० सेंटिमीटरवर, पलीकडचा १३० वर. म्हणजे जवळच्याला दीड मिलिसेकंद थांबवायचं. हेडरेस्टला अंतराच्या हिशोबाने ३ मिलिसेकंद, आणि त्यावर मुद्दाम आणखी ६. कानाला जो आवाज आधी पोचतो, त्याच्या दिशेने गाणं येतंय असं मेंदू धरून चालतो. त्यामुळे गायक पुढे डॅशबोर्डवर उभा राहतो आणि शब्द मात्र कानापाशी स्पष्ट होतात. हेडरेस्टला ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ६,००० च्या वरचं काही देत नाही. वरचे स्वर मागून आले की गायक लगेच मागे सरकतो.

डीएसपीमध्ये दोन प्रीसेट, म्हणजे आधीच जुळवून ठेवलेल्या सेटिंग, आहेत. छत बंद असेल तर जवळपास सरळ रेषा. छत उघडं असेल तर ८० ते २०० हर्ट्झमध्ये ५ डेसिबल वर, २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये ३ वर, आणि दारांना ७० हर्ट्झच्या खाली कडक काट. ३०-४० हर्ट्झ उचलायच्या भानगडीत पडलो नाही: ६ डेसिबलची उचल म्हणजे चौपट वॅट, आणि तो सगळा वाऱ्यात जातो.

संगीतानुसारही बदलावं लागतं. लावणी, नाट्यसंगीत, भजन हायवेवर छान चालतं, कारण ठेका सतत भरलेला असतो. विलंबित खयाल जमत नाही. आलापातला हळू स्वर वाऱ्याखाली जातो आणि तान आली की एकदम कानावर आदळते. त्यासाठी डीएसपीमधला कंप्रेसर (हळू आणि मोठ्या आवाजातला फरक कमी करणारी सोय) सुरू करता येतो, पण खयालाला तो लावायला माझं मन होत नाही. तो मी समुद्राकाठी गाडी उभी करून ऐकतो.

खालच्या बेससाठी सध्या दोन्ही सीटच्या पाठीत बेस शेकर बसवलेत. ते हवा हलवत नाहीत, सीट हलवतात. ४० ते ८० हर्ट्झचा पट्टा त्यांना दिलाय. वारा कानातलं झाकतो, पाठीला जाणवणारं त्याला झाकता येत नाही, त्यामुळे १०० च्या वेगालाही सम पाठीत कळते. आवाज बाहेर जात नाही हा मोठा फायदा. इथल्या कायद्यानुसार गाडीतला आवाज ५० फुटांवर ऐकू येता कामा नये, आणि सिग्नलला उघड्या गाडीत बसून इतरांवर आपलं गाणं लादणं मला तसंही पटत नाही. मात्र लेव्हल जपून ठेवावी लागते. जरा जास्त झाली की पखवाजाचे सगळे बोल एकाच सुरात गुरगुरतात.

म्हणून आठ इंची उथळ सबवूफर हवाच. जागा एकच, प्रवाशाच्या पायांपुढची. सुमारे १० लिटरचं बंद खोकं, फायरवॉलच्या उतारावर तिरकं, वर पाय टेकायला जाळी. पुठ्ठ्याचा साचा करून ठेवला आणि बायकोला बसवून बघितलं. ती म्हणाली, "अरे, गुडघे बघ कुठे आलेत. दहा मिनिटं ठीक आहे, मॉन्टरेपर्यंत नाही जमणार." तिचं बरोबर आहे. साचा खालून ४ सेंटिमीटर कापला की ती आरामात बसते, पण तेवढ्याने खोकं ८ लिटरच्याही खाली जातं आणि मग मला हवा असलेला सबवूफर त्यात गुदमरतो. फायबरग्लासने खोकं डाव्या बाजूला ट्रान्समिशन टनेलकडे फुगवता येतंय का हे पुढचं काम. कुणी एनए किंवा एनबीमध्ये (दुसऱ्या पिढीत) तिथे खोकं बसवलं असेल, तर उंची, कोन आणि बसणाऱ्याच्या पायांची लांबी, तिन्ही कळवा. फायबरग्लास मिसळण्याआधी ती मापं पुठ्ठ्यावर उतरवून बघेन.