चढावर पळते, सपाटीला मरते

काका गाडीतून उतरायच्या आधीच खिडकीतून म्हणाले, "आधीच सांगतो, हसायचं नाही. ही चढावर मस्त पळते आणि सपाट रस्त्याला बंद पडते."

हसलो नाही मी, पण मनात म्हटलं चला, हे नवीन ऐकलं. इतकी वर्षं जुन्या गाड्यांचं काम करतोय, गाडी चढावर दम टाकते हे रोजचंच, पण उलटं कुणी सांगितलं नव्हतं. आणि काकांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की हे वाक्य त्यांनी आतापर्यंत तीन-चार गॅरेजमध्ये सांगितलंय आणि प्रत्येक ठिकाणी लोक हसलेत.

गाडी मॉरिस मायनर १०००, १९६४ ची, १०९८ सीसीचं ए-सिरीज (त्या इंजिनाच्या घराण्याचं नाव) इंजिन. बाहेरून बघाल तर नजर हटणार नाही अशी. रंग नवा, क्रोम नवा, सीटचं लेदर नवं, इंजिनसुद्धा हिरवं चकचकीत रंगवलेलं. बॉनेटच्या मधोमध जी सपाट पट्टी असते ना, तिच्यावरून काका येता जाता फडकं फिरवायचे. त्या पट्टीची पण गंमत आहे, इसिगोनिस नावाच्या डिझायनरने ही गाडी डिझाइन केली तेव्हा शेवटच्या क्षणी त्याला ती अरुंद वाटली, म्हणून नमुन्याची गाडी मधोमध कापली, दोन अर्धे ४ इंच लांब सरकवले आणि मग गाडी तेवढीच रुंद केली, ती पट्टी म्हणजे तेच ४ इंच. पुढे १९५९ ला मिनी काढली तो हाच माणूस. असो, मी विषय सोडून चाललो.

काकांना गाडी प्रदर्शनात लावायची नव्हती. "मला ही रोज वापरायचीय," म्हणाले, "बायको शेजारी बसली की तिला भीती वाटू नये, बास." आणि मग डिकी उघडून एक खोका दाखवला. त्यात काढलेले पार्ट्स. दोन कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या), एक पेट्रोल पंप, कार्बोरेटरची सुई-जेट सगळी, प्लग वायरींचा सेट, तीन कंडेन्सर, म्हणजे इग्निशनमधले विजेचे छोटे डबे. प्रत्येक गॅरेजने एकेक अंदाज केला आणि एकेक पार्ट बदलला, आणि गाडी सपाटीला बंद पडतच राहिली.

पहिले दोन दिवस मी त्या फॉल्टला हातच लावला नाही. आधी बाकीचं. चमकणाऱ्या गाडीखाली शिरलं की कळतं पैसा कुठे गेला आणि कुठे नाही गेला ते. ब्रेकचे रबरी पाइप बाहेरून ठीक दिसत होते पण आतून फुगलेले, म्हणजे पाय सोडला तरी चाक धरून राहायचं, कारण ऑइल आत जातं पण परत यायला वाट नाही. या गाडीचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली चॅसिसच्या पोकळीत असतो, त्यामुळे तिकडे सहसा कुणी बघतच नाही. ब्रेक ऑइल तर काळं पडलेलं. ते ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, ड्रम तापले की ते पाणी उकळतं आणि पेडल खाली जातं, आणि इथे ब्रेकचं सर्किट एकच, म्हणजे गेला तर सगळा गेला. पुढच्या चाकांचे ट्रनियन, म्हणजे ज्यावर चाक वळतं ते आट्यांचे सांधे, कोरडे ठणठणीत, ग्रीसचा थेंब नाही. त्याचे आटे झिजले की पुढचं चाक सरळ बाहेरच्या बाजूला आडवं होतं, मायनरवाल्यांना हे माहीत असतं. पेट्रोलचे पाइपही बदलले, आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला जुना रबर टिकत नाही. हे सगळं कंटाळवाणं काम, याचा फोटो कुणी काढत नाही, पण काकूंची भीती जाणार असेल तर याच कामाने जाणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी फॉल्टला बसलो. आणि आता खरं सांगतो, पहिला तास मी पण तेच केलं जे बाकीच्यांनी केलं होतं. कंडेन्सर बदलला. चौथा! कारण हल्ली नवे कंडेन्सर इतके टुकार येतात की तापले की मेले, त्यामुळे हात आपोआप तिकडेच जातो. पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट उघड-बंद करणारे संपर्क, त्यांची गॅप बघितली, १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), बरोबर. प्लग काढले तर फिकट तपकिरी, एकदम निरोगी. गाडी जागेवर अर्धा तास चालू ठेवली, शिलाई मशिनसारखी चालली. मधेमधे रेस केली, तरी काही नाही. हेल्पर पोरगा म्हणाला, "झालं उस्ताद, देऊन टाकू."

काकांना शेजारी बसवलं आणि निघालो. चढ लागला, थर्डमध्ये पाय दाबला, मस्त चढली. वर पोचलो, रस्ता सपाट झाला, टॉप टाकला, पाय हलका केला, ताशी ६०-६५ ला आरामात चाललोय, आणि खाड! खाड! दोन झटके, की इंजिन गायब. मी सवयीने क्लच दाबला, गाडी घरंगळत बाजूला घेतली.

काकांनी घड्याळ बघितलं. "आता दहा मिनिटं थांबायचं."

"का?"

"एअर लॉक होतो ना. पेट्रोल तापतं. पहिल्या गॅरेजवाल्याने सांगितलंय, थंड होऊ द्यायची."

मी इग्निशन ऑन केलं. पंप समोर बल्कहेडवर, म्हणजे इंजिनमागच्या पत्र्यावरच असतो, आवाज स्पष्ट ऐकू येतो. टिक, टिक, आणि शांत. म्हणजे कार्बोरेटरची वाटी भरलेली आहे, पेट्रोल कमी असतं तर पंप टिकटिकत राहिला असता. मग स्टार्टर मारला आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू! काका माझ्याकडे बघायला लागले. एवढे महिने ते प्रत्येक वेळी रस्त्याच्या कडेला दहा मिनिटं थांबत होते, आणि गरज एका सेकंदाचीही नव्हती. तापल्यामुळे बंद पडणारी गाडी लगेच सुरू होत नाही हो, ज्याला थंड व्हायला वेळ लागतो त्याला वेळ लागतोच. एवढ्या एका गोष्टीवर उष्णतेची सगळी थिअरी गेली.

आणि तिथेच बसल्या बसल्या मला काकांचं वाक्य परत आठवलं. चढावर पळते. पेट्रोल कमी पडत असेल तर आधी कुठे कळेल? चढावर, कारण तिथे इंजिन सगळ्यात जास्त पेट्रोल मागतं. कॉइल कमजोर असेल तरी चढावरच मिसिंग मारेल, पूर्ण थ्रॉटलला सिलिंडरमध्ये दाब जास्त असतो आणि ठिणगीला उडी मारणं अवघड जातं. म्हणजे काका जे सांगत होते त्यातच निम्म्या पार्ट्सची सुट्टी होत होती, फक्त कुणी ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं, कंडेन्सर बदलत बसलो होतो तासभर.

परत गॅरेजला. टायमिंग लाइट काढला, प्रत्येक ठिणगीला चमकणारा दिवा, क्लिप कॉइलच्या मेन वायरला लावली, बॅटरीच्या क्लिपा घट्ट बसवल्या, वायर बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून खिडकीतून आत घेतली आणि लाइट हेल्परच्या हातात दिला. "फक्त याच्याकडे बघ. गाडी मरताना हा आधी विझतो की नंतर, एवढंच सांग." काका मागे बसले. परत तोच चढ, परत तोच सपाट तुकडा.

पोरगा ओरडला, "गेला!" आणि त्याच क्षणी झटका बसला. या वेळी मी क्लच दाबला नाही, उलट अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबला. "आला, आला!" गाडीने परत पिकअप घेतला. पाय हलका केला, गेला. दाबला, आला. चार-पाच वेळा केलं, मागून काका पण ओरडायला लागले, आला-गेला, आला-गेला, रस्त्यावरच्या लोकांना वाटलं असेल काय चाललंय या गाडीत.

म्हणजे करंट तुटतोय, आणि माझ्या पायाप्रमाणे तुटतोय. आता पायाचा आणि करंटचा संबंध कुठे येतो? एकाच ठिकाणी, व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सला. हलक्या पायाने चालवताना सिलिंडरमध्ये मिक्श्चर कमी आणि विरळ असतं, ते जळायला वेळ घेतं, म्हणून ठिणगी जरा लवकर टाकावी लागते. त्यासाठी कार्बोरेटरपासून डिस्ट्रिब्युटरपर्यंत, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डब्यापर्यंत, एक बारीक नळी असते, इंजिनची ओढ त्या नळीतून एका पडद्याला ओढते आणि पडदा आतली पॉइंटची प्लेट थोडी फिरवतो. पूर्ण पाय दाबला की ओढ संपते, प्लेट जागेवर. आयडलला पण प्लेट जागेवरच, कारण नळीचं भोक बटरफ्लायच्या, म्हणजे थ्रॉटलच्या झडपेच्या, अलीकडे येतं. म्हणजे जागेवर उभी गाडी अर्धा तास चालवली काय आणि दिवसभर चालवली काय, प्लेट हलणारच नाही. जागेवर रेस दिली तरी ती क्षणभर हलते आणि परत येते, आणि तेवढ्यात एखादी ठिणगी चुकली तर कुणाच्या कानाला कळतंय. प्लेट हलून तशीच थांबते ती पाय हलका आणि स्थिर असताना, म्हणजे माणूस सपाट रस्त्यावर आरामात चाललेला असतो तेव्हा.

गॅरेजला आलो, इंजिन चालूच ठेवलं, कार्बोरेटरच्या बाजूने नळी काढली आणि तोंडात धरली. हे सगळे जुने मेकॅनिक करतात, पडदा फाटलाय का बघायला यासारखं सोपं टेस्टर नाही, चव तेवढी पेट्रोलची. ओढ दिली. खरं तर आयडल थोडं वाढायला हवं. इंजिन मेलं.

स्टार्टर, परत चालू, परत ओढलं, मेलं. या वेळी इंजिन पूर्ण थांबायच्या आत नळी सोडली तर धडपडत परत चालू झालं. काका बॉनेटवर दोन्ही हात टेकून वाकून बघत होते. मी मान वर केली, नळी अजून तोंडातच, आणि आम्ही दोघं एकदमच हसायला लागलो. मागचे काही महिने जे रस्त्यावर होत होतं ते आता माझ्या जिभेवर होत होतं!

पुढचं काम दहा मिनिटांचं. डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटर काढला. आत बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत एक बोटभर वायर असते, प्लेट फिरली की ती पण तिच्याबरोबर हलते. ही वायर आधी कुणीतरी बदललेली होती, साध्या वायरिंगच्या जाड, ताठ वायरने, सोल्डर मात्र एकदम सुबक. नखाने दोन्ही टोकं धरून हळू ओढली तर मधे एका ठिकाणी इन्सुलेशन रबरासारखं ताणलं गेलं आणि तिथेच बारीक झालं. आतला तांब्याचा पूर्ण दोर तुटलेला, फक्त टोकं एकमेकांना टेकून होती. प्लेट जागेवर असली की टेकायची, प्लेट फिरली की पाऊण मिलिमीटर लांब व्हायची. बाहेरून काहीही दिसत नाही. मीटर लावून शांतपणे तपासाल तर ओके दाखवणार, कारण तपासताना प्लेट जागेवरच असते.

तिथे खूप बारीक तारांची, सिलिकॉन कव्हरची लवचीक वायर लागते, आणि तिला थोडा सैल वळसा ठेवावा लागतो, म्हणजे प्लेट हजारो वेळा हलली तरी ताण येत नाही. तशी करून लावली. प्लेटखाली तेलाचा एक थेंब. नळी परत तोंडात धरली, ओढलं, आयडल वाढलं, शहाण्यासारखं.

काकांनी विचारलं, "मग इलेक्ट्रॉनिक इग्निशनच बसवू का? सगळे सांगतात." बसवा ना, माझी काही हरकत नाही, मी स्वतः बसवून देतो. फक्त ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, बॅटरीचा प्लस बॉडीला आहे, त्यामुळे किट तसलंच घ्यायचं, नाहीतर चावी फिरवताच धूर. पण मला पॉइंट आवडतात, ते मरायच्या आधी महिनाभर कुरकुर करतात. आणि खरी गंमत अशी की आधीच कुणी किट बसवलं असतं तर ती वायरच निघून गेली असती, फॉल्ट आपोआप गेला असता आणि सगळे म्हणाले असते, बघा, पॉइंट किती भंगार.

संध्याकाळी काका स्वतः चालवत निघाले, मी शेजारी. सपाट रस्ता मुद्दाम लांबचा घेतला. पहिली पंधरा-वीस मिनिटं त्यांचा पाय अ‍ॅक्सिलेटरवर सारखा वरखाली होत होता, झटका कधी येतो याची वाट बघत. मग हळूहळू पाय स्थिर झाला. बोलले काहीच नाहीत, फक्त खिडकीची काच थोडी खाली केली.

तो खोका मी त्यांना टाकू दिला नाही. सगळं तपासून दिलं. दोन्ही कॉइल चांगल्या, पंप चांगला, त्याच्या आतले पॉइंट घासले की झाला, प्लग वायरी चांगल्या, तीनपैकी एकच कंडेन्सर खराब. दुसरं एखादं इंजिन चालवता येईल एवढं सामान आहे डिकीत. ती बोटभर वायर तेवढी मी ठेवून घेतली. आता नवीन पोरगा कामाला आला की त्याच्या हातात देतो, मीटर देतो आणि सांगतो, यात फॉल्ट शोध.

मीटर ओके दाखवतं. अजून तरी एकानेही ती ओढून बघितलेली नाही.