प्ले, गो, डू आणि आष्टीचा अविनाश साबळे

बीड जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत सहावीला इंग्रजी शिकवतो. त्या दिवशी हॉबी आणि स्पोर्ट्सचे शब्द घ्यायचे होते. ‘व्हॉट इज युवर हॉबी’ विचारलं की सगळ्यांचं एकच पाठ उत्तर, माय हॉबी इज रीडिंग, वर्गात अवांतर पुस्तक एकाच्याही हातात नसतं तरी. मागच्या बाकावरची मुलगी आई-बापासोबत ऊसतोडीहून नुकतीच आलेली, ती उठली आणि म्हणाली, “सर, पळायला काय म्हणतेत?” म्हटलं, रनिंग. “आन पाण्यावरून उडी मारत पळायला?”

मग मी अविनाश साबळेचं नाव काढलं आणि वर्ग एकदम जागा झाला, कारण तो आपल्याच आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. त्याच्या शर्यतीला स्टीपलचेस म्हणतात, ३००० मीटर, त्यात २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्यावरून उडी, २०२२ ला बर्मिंगहमच्या कॉमनवेल्थमध्ये सिल्व्हर आणि पुढच्या वर्षी एशियन गेम्सचं गोल्ड. पोरं म्हणाली सर चला ग्राउंडवर, मग गेलोच, पुस्तक वर्गातच राहिलं.

खो-खो लावला. बसलेले आठ आणि पळणारा नववा हे चेजर, चुकवणारे ते रनर, खांब म्हणजे पोल, हे शब्द पळता पळता पोरांच्या तोंडात बसले. मग वाक्यं घेतली. खो-खो, क्रिकेट, कबड्डीला प्ले. रनिंग, स्विमिंगसारख्या आयएनजीवाल्यांना गो. योगा, कराटेला डू. फळ्यावर हेच मी कितीदा लिहून दिलंय, पण प्ले रनिंग काही जात नव्हतं. त्या दिवशी ती मुलगी धापा टाकत म्हणाली, “आय गो रनिंग, आय जम्प वॉटर.” मी फक्त ओव्हर घालून दिलं, तिनं पुन्हा अख्खं वाक्य म्हटलं, न अडखळता. आल्यापासून वर्गात हजेरीच्या ‘यस सर’पलीकडं ती बोललीच नव्हती, मला लई भरून आलं.

मला मनापासून वाटतं की गिटार आणि स्केटिंगच्या आधी पोरांचे स्वतःचे खेळ आले पाहिजेत, ते शब्द नंतर शिकवता येतात की.

परत येताना एकानं विचारलं, “सर, आमचे आबा भजनात पखवाज वाजवतेत, त्याला प्ले का डू?” प्ले द पखवाज, म्हटलं, वाद्याच्या आधी द लावतात. लगेच दुसरा, “मग हलगी?” उद्याचा तास वाद्यांचाच घेतो.